धाकू पाष्टेचा एकतर्फी निकाल

कोर्टाचा कागद घ्यायचा नाही, हे पाष्ट्यांच्या घरातलं पिढीजात ज्ञान! धाकू पाष्टे ते चारचौघांत छाती काढून सांगत असे. "कागद घेतलाव, की केस लागली. न्हाय घेतलाव, तर कोर्ट काय करील? बसंल वाट बघत!" आजोबांनी असे सात कागद परतवले होते. चुलतभाऊ धोंडूशी दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून जुंपल्यापासून धाकूही तयारीतच होता.

आणि साडेतीन वर्षांपूर्वी बेलीफ आलाच. बायको जनी तेव्हा आईचे गुडघे धरले म्हणून माहेरी गेलेली. धाकू लगबगीनं माळ्यावर चढला. बेलीफानं हाका मारमारून घसा कोरडा केला, दोन साक्षीदार बोलावले, कागद दारावर चिकटवला आणि गेला. धाकूनं तो वाचलासुद्धा नाही. वाचलं तर कळल्यासारखं होतं! त्यानं तोंड फिरवून त्यावर चुन्याचे दोन हात मारले.

पुढे काहीच झालं नाही. शिमग्याला पालखीची ओटी भरायला जनी परतली, धोंडू गप्पच राहिला आणि आपण न्यायसंस्थेला चीत केलं, असं धाकूनं धरून टाकलं. केस बारगळल्याचा कागद आणून धोंडूच्या तोंडापुढे नाचवावा, म्हणून एका सोमवारी तो रत्नागिरीच्या कोर्टात नक्कल विभागापुढे उभा राहिला.

विनीत नावाच्या कारकुनानं संगणकावर त्याचं नाव घातलं.

"काका, निकाल लागलाय. एकतर्फी, तुमच्याविरुद्ध."

"पन मी तर आलोच न्हाय!"

"म्हणूनच एकतर्फी."

"मंग गडगा गेला म्हना!"

"गडगा नाही काका. बायको गेली."

"कुठं जाईल? सकाळी तिच्या हातची भाकरी खाऊन आलोय!"

"ते कोर्टाला माहीत नाही. तुमचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली."

धाकूनं टेबलाची कड घट्ट धरली. "दाखवा मना ती फाईल!"

"असे कागद कुणालाही दाखवत नाहीत. आधी तुम्हीच प्रतिवादी आहात, हे सिद्ध करा."

प्रतिवादी होऊ नये म्हणून माळ्यावर चढलेला माणूस आता आधार कार्ड, रेशन कार्ड, विजेचं बिल पुढे करत 'मीच तो, मीच तो' म्हणून गयावया करू लागला! नक्कल मिळाली गुरुवारी. मधले तीन दिवस तो स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा अंग चोरून वावरला आणि जेवताना दुसरी भाकरी मागायलाही लाजला.

नक्कल वाचताना मात्र तो थक्क झाला. आपण दडून बसलो होतो आणि इकडे एवढ्या मोठ्या कोर्टानं आपल्या नावाचा पुकारा केला, तीनदा केला, वाट बघितली! आणि जनी! चार शब्दांवर कधी न जाणारी जनी! तिनं चौदा कलमं लिहून दिली होती. नववं कलम तर त्यानं दोनदा वाचलं : 'प्रतिवादी गेली अकरा वर्षे अर्जदाराशी गडग्याखेरीज अन्य विषयावर बोललेला नाही.' एक अक्षर खोटं नव्हतं. आपल्याविरुद्ध इतकं खरं कुणी लिहू शकतं, याचं त्याला भयंकर आश्चर्य वाटलं.

"ही नक्कल आधीही एकदा दिलीय," विनीत म्हणाला. नोंदवहीत जनीची सही होती. तारीख शिमग्याच्या आधीची.

म्हणजे ती सुटून मग आली होती! धाकूनं मिळेल ती एसटी पकडली. घरी पोचला तेव्हा जनी अंगणात सुकट निवडत होती.

"जने, तुला म्हाईत होतां?"

"होतां."

"मंग आलीस कशाला?"

"ओटी भराया. मंग ऱ्हायले. तुमी जा म्हनालाव न्हाय."

"उद्याच अर्ज देतो मी! निकाल फिरवून घेतो, म्हंजे तू परत माजी बायको!"

जनीनं सूप खाली ठेवलं. "अर्ज नको. बायको हवी असंल तर मना इचारा. पयल्या टायमाला मना कोनी इचारलान नव्हतान."

धाकूला आता कुठे उमगलं. तीन वर्षं ही बाई कुठलाही कागद नसताना, निव्वळ स्वतःच्या मर्जीनं त्याच्या घरात राहत होती! कोर्टापुढे नमला नव्हता इतका तो त्या क्षणी नमला. त्यानं घसा खाकरला आणि विचारलं.

"बघते," जनी म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

आज नववा दिवस. धाकू रोज विचारतो, ती रोज 'बघते' म्हणते. काल मात्र तिनं त्याला, सदरा बदलून या आणि मग विचारा, असं सांगितलं.