रुस्तुमतात्या पाणी चाखतात

माणसानं गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी बोटावर घेऊन चाखावं, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. रुस्तुमतात्यांना पहिल्यांदा तसं करताना बघितलं आणि माझ्या हातातला चहा पँटीवर सांडला. नुसतं बोट लावून चाखलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हा माणूस डोळे मिटून, जीभ टाळूला लावून, जावयानं बासुंदीची चव घ्यावी तसा उभा! मग पचकन थुंकले आणि म्हणाले, "गंज हाय. तेल न्हाय. इंजिन ठणठणीत."

मी तेव्हा उमरग्याच्या अलीकडं, हायवेपासून आत असलेल्या एका गावात सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मूळचा उस्मानाबादचा. घरची माणसं म्हणायची, ह्याला पाल चुकचुकली तरी धक्का बसतो. ते काही खोटं नाही. त्यात माझी गाठ पडली रुस्तुमतात्यांशी, म्हणजे रोजचाच धक्का.

त्या साली दुष्काळ असा पडला की गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडले. सोसायटीचा खत वाहायचा एक जुनापुराणा ट्रक होता, त्याच्यावर लोखंडी टाकी चढवली आणि त्याचा टँकर केला. हायवेच्या कडेच्या एका विहिरीला तेवढं पाणी टिकून होतं. तात्यांनी तिथून टाकी भरायची, गावच्या वेशीत आणून उभी करायची, बायांनी रांगेनं घागरी लावायच्या. अख्ख्या गावाचं पिणं त्या एका गाडीवर. आणि त्या गाडीला रोग एकच, रेडिएटरात पाणी टिकत नव्हतं.

इंजिन तापतं, ते थंड ठेवायला पाणी लागतं, एवढंही मला ठाऊक नव्हतं. ते तात्यांनीच शिकवलं. पाणी कमी झालं की ते आधी गाडीखाली आडवे व्हायचे, मग बोट बुडवायचे. तांबूस, लोखंडी चव आली तर पाणी नुसतं बाहेर गळतंय. जिभेवर चिकट लागलं तर समजायचं, आतलं गास्केट, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग, गेलं, तेल आणि पाणी एक झालं, आता इंजिन खोलल्याशिवाय सुटका नाही. मी म्हटलं, अहो तात्या, दुसरा काही उपाय नाही का हे बघायचा? तर म्हणाले, "आसंल की. पर पाणी खोटं बोलत न्हाय, सायब. माणसाचं काय सांगावं."

एकदा रेडिएटरच्या खालच्या शिवणीतून थेंब गळायला लागले. तात्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि मूठभर हळद आत ओतली. मला वाटलं, उन्हानं ह्यांचं डोकं फिरलं. इंजिन चालू केलं, हळद पाण्याबरोबर फिरली, फटीत जाऊन बसली आणि गळती बंद! मी आ वासून बघत राहिलो. त्या दिवशी गाडीखाली पिवळे डाग पडलेले बघून रांगेतल्या बाया विचारायला लागल्या, तात्या, गाडीला हळद लागली, लगीन कवा? तात्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाले की पोरगी तापट आहे, स्थळ जमत नाही.

पण खरा धक्का पुढंच होता. एकदा मी बरोबर असताना चढावर गाडी तापली आणि रेडिएटर रिकामा झाला. मी सहज म्हटलं, मागं एवढी टाकी भरलेली आहे, घ्या त्यातलं बादलीभर. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवळाची दानपेटी फोडायला सांगितली. ते गावाचं आहे म्हणाले आणि डबा घेऊन चालू पडले. भर उन्हात हायवेवरच्या हॉटेलात गेले आणि कपबश्या विसळलेलं पाणी मागून आणलं. चहाच्या वासाचं ते पाणी फडक्यातून गाळून आत ओतलं. गाडीवर पाण्याचा डोंगर, आणि गाडी विसळवणीवर चालते! मी कपाळावर हात मारून घेतला.

उन्हं वाढली तसे हॉटेलवाले कप नुसते पुसायला लागले. मग तात्या घरूनच एक डबा भरून आणू लागले, तोंडाला फडकं बांधलेला. कुठलं पाणी, मी विचारलं नाही. ते विहिरीजवळच्या वस्तीवर राहत, एकटे असावेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्यानंतर गाडीला नवाच रोग जडला. विहिरीवर रेडिएटर काठोकाठ भरावा, आणि वेशीत येईपर्यंत अर्धा रिकामा. गाडीखाली बघावं तर कोरडं. शिवण कोरडी, पाइप कोरडा. मग पाणी जातं कुठं? रांगेत पहिला नंबर कायम सोनामायचा असे. पिकल्या केसांची, काटक म्हातारी. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ड्रायव्हर जातीवर तिचा विश्वास नाही. ती खुशाल सांगायची की हाच वाटेत पाणी विकत असणार. तात्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एके दिवशी गाडी वेशीत येऊन उभी राहिली आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. तात्यांनी ओलं फडकं धरून झाकण सैल केलं, तर आतून पांढरा फेस भसाभस वर आला आणि बाहेर सांडला. पाणी जात होतं ते असं, वाटेत फेस होऊन. उमरग्याहून इस्माईल मिस्त्रीला बोलावलं. जाणता माणूस. त्यांनी तेलाची पट्टी काढून बघितली, तेल स्वच्छ. धूर बघितला, तोही साधा. पण पाण्यात बुडबुडे का येतात हे त्यांनाही उमगेना. इंजिनातली हवा पाण्यात शिरत असणार, म्हणाले, गास्केटच गेलं. इंजिनाचं हेड उतरवावं लागेल, सामान सोलापूरहून आणावं लागेल, आठ दिवस तरी धरा.

आठ दिवस!  गावात घोटभर पाणी नव्हतं, आणि ह्या उन्हात पोरंबाळं घेऊन हायवेपर्यंत चालत कोण जाणार?  मग सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. मी म्हटलं, तात्या, चाखून बघा, तुम्ही म्हणाल ते खरं.

तात्या म्हणाले, "आज तोंड आलंय."

मी हबकलोच. तापानं फणफणलेला असतानासुद्धा हा माणूस रेडिएटरमध्ये बोट घालायचा, आणि आज तोंड आलंय? मला काय सुचलं देव जाणे, मी स्वतःच बाहेर सांडलेल्या फेसात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. कडू. शिसारी आली. आणि मागोमाग नाकात वास आला तो चंदनाच्या साबणाचा. गावात कुणाच्या अंगाला साबण लागून महिना उलटला असेल, आणि गाडी चंदनाच्या साबणानं न्हायलेली!

मी तात्यांना टँकरच्या मागं नेलं. "तात्या, हे आंघोळीचं पाणी आहे."

ते टायरकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "आमच्या मंडळीच्या."

तात्यांना बायको आहे हेच मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांमागं तिच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली. वाचा गेली. कुशीवरसुद्धा हे वळवतात. विहिरीवर ड्रायव्हरला म्हणून दोन घागरी मिळत. एक पिण्याला आणि स्वैपाकाला, दुसरीत तिची आंघोळ, नाहीतर पाठीला जखमा होतात. खाली परात धरायची, पाणी धोतरातून गाळायचं आणि तेच गाडीला घालायचं. स्वतः तात्यांनी कित्येक दिवसांत अंगावर पाणी घेतलं नव्हतं.

"साबण लावला की डोळं उघडून माझ्याकडं बघती," ते म्हणाले. "एरवी दिसभर भिताडाकडं."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? गाव तांब्याभर पाण्याला रांगेत, आन टँकरवाल्याची बायको रोज साबण लावून न्हाती? आपल्या वाट्याचंच हाय म्हनलं तर कोन ऐकंल? गाडी काढून घेतील. मग त्या दोन घागरी बी गेल्या." मग म्हणाले, "साबणानं इंजिनाला फेस येतो हे मला ठावं आसतं तर घातलंच नसतं, सायब. तुमची आन."

तेवढ्यात टायरच्या आडून आवाज आला. "रोज घालतोस आंघोळ?"

सोनामाय! घागर घेऊन सावलीत टेकून बसलेली. शब्द अन् शब्द ऐकलेला.  आता संध्याकाळच्या आत गावभर होणार, आणि तात्यांचं कल्याण.  तात्यांनी नुसती मान डोलावली.

सोनामाय गुडघ्यावर हात टेकून उठली. टाकीची तोटी सोडून तिनं आपली घागर भरली आणि नेऊन बॉनेटपुढं ठेवली. गाडी निवली की ही घालून आतून धुऊन काढा म्हणाली. तात्या आडवे आले. "माय, ते प्यायचं पानी हाय."

"मग पिऊ दे की गाडीला. ती प्याली तर आमी पिऊ."

बाया गोळा झाल्या, काय झालं म्हणून विचारायला लागल्या.  सोनामायनं कपाळाला आठ्या घातल्या आणि ठसक्यात सांगितलं, हळद नासली आतली, दुसरं काय! आणखी दोघी-तिघींनी अर्धी अर्धी घागर दिली. मिस्त्रींनी इंजिन गार होऊ दिलं, पाणी भरलं, चालवलं, सोडलं. पुन्हा भरलं. आधी फेस, मग गढूळ, मग निव्वळ पाणी. बुडबुडा नाही. मिस्त्री डोकं खाजवत हसले, भाकरी खाल्ली आणि परत गेले. गास्केट शाबूत होतं. गावाचं पाणी वाचलं.

वाटप संपलं. तात्या परतीच्या खेपेला केबिनमध्ये बसले, तशी सोनामाय घरून परत आली. हातात फणी आणि तेलाची बाटली. खिडकीपाशी उभी राहून विचारलं, "केस कोन विंचरतं रं तिचं?"

तात्या स्टिअरिंगकडं बघत म्हणाले, "तेवढं न्हाय जमत, माय. लई गुंता झालाय. वढलं की तिच्या डोळ्यातनं पानी येतं. कापून टाकावं म्हनतो."

"हात तर लाव केसाला," म्हातारी म्हणाली आणि पदर खोचून वर चढली. "बघतोस काय? काढ गाडी."

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी त्या पुसल्याही नाहीत. मी खाली उभा राहून बघत होतो. उभा जन्म गाडी चालवलेल्या त्या माणसाला गिअर सापडत नव्हता.