घुंगरू घातलेला बिबट्या

मुलांनो, एका जंगलात बिबट्याची फार दहशत होती. पण ते जंगल आपल्यासारखंच सुधारलेलं होतं. त्यामुळे तिथल्या प्राण्यांनी सावध राहायचं सोडून सॉफ्टवेअर करून घेतलं.

ते केलं फांदेराव वानराने. बिबट्याची चाहूल लागली की भोंगा वाजणार, असा त्याचा प्रोग्रॅम होता. तो नीट चालतो का, हे रोज पहाटे आपोआप तपासलं जाई. खरा बिबट्या चाचणीला यायला तयार नव्हता, म्हणून फांदेरावाने गवताचा केला. त्याला चाकं लावली, आणि कोणी दचकू नये म्हणून गळ्यात घुंगरू बांधलं. घुंगरू वाजलं की भोंगा वाजे आणि जंगलाचे राजे गवेराज यांच्या झाडावर हिरवा दिवा लागे. राजांना हिरवा रंग आवडायचा. गवत खाणाऱ्याला दुसरं काय आवडणार?

पुढे चाचण्या लिहायला काटेताई साळिंदर नोकरीला लागली. तिने खरा बिबट्या जवळून पाहिला होता. त्या कचेरीत हा दोषच होता. तिने नवी चाचणी लिहिली. घुंगरू काढून टाकायचं, गवताचा बिबट्या झुडपामागून गुपचूप आणायचा, आणि तरी भोंगा वाजायला हवा.

भोंगा वाजला नाही. जंगलात पहिल्यांदाच लाल दिवा लागला.

फांदेराव धावत आला. प्रोग्रॅम गप्प का राहिला, हे त्याने विचारलं नाही. राजांनी दिवा पाहिला का, एवढंच विचारलं. काटेताईने समजावलं की चाचणी बरोबर आहे, चूक प्रोग्रॅममध्ये आहे, आणि ती दुरुस्त करता येईल.

"दुरुस्तीची गरज नाही," फांदेराव म्हणाला. "चाचणीत थोडा फरक करू."

त्याने तिच्यासमोरच शेवटची ओळ बदलली. 'भोंगा वाजायला हवा' होतं, तिथे 'भोंगा वाजता कामा नये' केलं. चाचणी पुन्हा चालवली. भोंगा गप्प. दिवा हिरवागार.

काटेताईने सामान बांधलं. त्याच संध्याकाळी ती पिल्लांना घेऊन ओढ्यापलीकडच्या बिळात राहायला गेली. जाताना तिने शेजारच्या भेकरमावशींना सगळं सांगितलं आणि सोबत चला म्हणून विनवलं. मावशी पूर्वी कान टवकारून जागायच्या, ओरडून सगळ्यांना उठवायच्या. भोंगा आल्यापासून त्यांना छान झोप लागत होती.

"अगं, दिवा हिरवा आहे ना?" असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

बिबट्या आला. घुंगरू न घालता आला. सकाळी मावशींच्या जागी नुसते खूर उरले होते.

राजांनी फांदेरावाला बोलावून विचारलं, प्रोग्रॅम चुकला का. त्याने अदबीने सांगितलं, बिबट्या गुपचूप आला तर भोंगा वाजू नये अशी चाचणीच आहे, आणि प्रोग्रॅम तंतोतंत तसाच वागला. राजांना फार समाधान वाटलं. फांदेरावाचा सत्कार झाला.

काटेताईची नोकरी गेली. कचेरीतली गुप्त माहिती तिने भेकरमावशींना सांगितली होती, असं चौकशीत उघड झालं.

तात्पर्य: चाचणी अशी लिहावी की प्रोग्रॅम कधी अडचणीत येणार नाही. अडचणीत यायला वापरणारे आहेतच.