मन्मथअप्पांचा दुसरा नंबर

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. मन्मथअप्पांच्या ज्या खुळाला सगळी गल्ली हसते आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त मी चिडतो, ते त्यांना माझ्यामुळे लागलं.

अप्पा कुठल्याच रांगेत पहिले उभे राहत नाहीत. आमच्या लातुरात उन्हाळ्यात टँकर आला की गल्ली घागरी घेऊन धावते. अप्पा सगळ्यांच्या आधी पोचतात आणि नळीसमोर एका माणसाची जागा सोडून उभे राहतात. मागे मी, दोन रिकाम्या बादल्या धरून, दातओठ खात. एकदा तर टँकरवाला वैतागून नळी गुंडाळायलाच लागला. भरून घ्या म्हणून मी ओरडलो, तर अप्पा शांतपणे म्हणाले, "थांबा ना बाबूसाब. पयला आल्याबिगर दुसऱ्यानं भरावं कसं?"

त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्या घराला लागूनच. भिंतीवर देव नाहीत, नट्या नाहीत. नुसते परदेशी सायकलपटू, हैदराबादच्या रद्दीतल्या मासिकांतून कापलेले. अट एकच. गडी थोर पाहिजे, घाटात भल्याभल्यांना मागं टाकणारा पाहिजे, पण तीन-तीन आठवडे चालणारी मोठी शर्यत त्यानं एकदाही जिंकलेली नसली पाहिजे. अप्पांना इंग्रजी येत नाही. म्हणून माझा प्रत्येक रविवार त्यांच्या स्टुलावर जातो. मी वाचायचं आणि त्यांनी दर चार ओळींनी विचारायचं, "ह्यो शेवटाला जिंकला तर न्हाई ना?"

एक इटलीवाला त्यांचा फार लाडका. उतारवयात का होईना, तो एकदा जिंकला, हे मीच वाचून दाखवलं. अप्पांनी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि दोन दिवस तोंड पाडून बसले. "लई चांगला मानूस होता," म्हणाले. जसा काही गेलाच.

आता मूळ गोष्ट. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची. दुष्काळ होता, पण नव्या जिल्ह्याची हौस दांडगी. तीन दिवसांची शर्यत ठरली: लातूर ते उदगीर, उदगीर ते नांदेड, नांदेड ते लातूर. तिन्ही दिवसांचा मिळून ज्याला वेळ कमी, त्याला ढाल. जवान अप्पांनी त्यातले दोन टप्पे मारले.

घड्याळ कादरचाचांच्या हातात. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले मास्तर ते. आकडे उर्दूतच पुकारायचे. लिहून घ्यायला मी, कचेरीतला रोजंदारीवरचा कारकून. नांदेडात अप्पा आले तेव्हा हलगी कडाडत होती. तास-मिनिटं सांगून झाल्यावर चाचा म्हणाले, "उनचालीस." म्हणजे एकोणचाळीस सेकंद. मी ऐकलं "उनचास" आणि लिहिले एकोणपन्नास.

अप्पा सात सेकंदांनी हरले.

ढाल दुसऱ्याच्या हातात गेल्यावर चहा पिताना चाचांनी सहज विचारलं, नांदेडला उनचालीसच लिहिलेस ना? त्याच महिन्यात रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी निघणार होती, आणि आमच्या अख्ख्या घरात सरकारी नोकरीच्या तोंडाशी पोचलेला मी पहिलाच. "हाव चाचा," म्हणालो आणि वही मिटली. मी कायम झालो. अप्पांनी पहिला नंबर कायमचा सोडला.

गेल्या महिन्यात माझ्या मागून लागलेला एक जण हेडक्लार्क झाला. माझं नाव दुसऱ्यांदा राहिलं. घरातसुद्धा बोललो नाही, पण अप्पांना कुठून तरी कळलंच. ते माझा एक फोटो मागून घेऊन गेले. असेल काही अर्जाबिर्जाचं, म्हणून मी दिला.

रविवारी दुकानात गेलो. इटलीवाल्याच्या रिकाम्या जागी माझा पासपोर्ट फोटो होता, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेला.

"तुमीबी आमच्यातलेच की, बाबूसाब," अप्पा हात पुसत म्हणाले. "मानूस चांगलाच असतोय. घड्याळ साथ देत न्हाई कवाकवा."

सांगायला तोंड उघडलं. म्हणालो एवढंच, की फोटो वाकडा लागलाय. त्यांनी तो बोटानं सरळ केला आणि मला स्टूल पुढं सरकवलं.

अप्पांचे दहा सेकंद माझ्याकडे आहेत. ते त्यांच्यासमोर बसून परत करायचे राहिलेत.