वाघोलीचे आसमानात रुसी विमान पाडिले, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून, खरे सापडले तितके लिहिले आणि उणे पडले ते पदरचे घातले, ऐसी ही हकीकत.

मौजे वाघोली येथे हिंदुराव म्हणोन बडे आसामी, पूर्वी शेताचे धनी, हल्ली इमारतीचे मालक. त्यांचे छत्राखाली जावई इंद्रजीतराव नांदत. दिवसा हिंजवडीस चाकरी करावी आणि सांजेस सासऱ्याने दिल्हेल्या वरल्या खोलीत दार लावून बसावे, ऐसा शिरस्ता. आत कोणती मसलत? तर महायुद्धातील दोन इंजिनांचे रुसी बाँबफेकी विमान, कॉम्प्युटरवरील उड्डाणाच्या खेळासाठी हुबेहूब उभारणे! जुने फोटो धुंडून शेपटीचा रिव्हेट अन् रिव्हेट कोरिला, आणि गोळी लागता पत्रा कैसा फाटावा याचाही बंदोबस्त केला, आणि मग या कामी दोन दिवाळ्या व एक बढती खर्ची पडली. मोरीतला गळका नळ तेवढा या महावीरास दुरुस्त होईना.

ऐशात कॉलेजांची भरती निघाली, पोरे भाड्याच्या खोल्या हुडकीत फिरू लागली, आणि मग हिंदुरावांचे फर्मान सुटले की, रविवारी विमान उडवून दाखवावे. मनास आले तर खोली बहाल, न आले तर बाडबिस्तरा जिन्याखाली. इंद्रजीतरावांचे तोंडचे पाणी पळाले. खेळातले दूरदूरचे गडी त्यांस कॅप्टन म्हणत; त्या खोलीबाहेर तैसे म्हणणारे दुनियेत कोणी नव्हते.

रविवारी दरबार भरला. हिंदुरावांची कन्या शालूबाई चहा घेऊन हजर. सासऱ्यांस मान म्हणोन विमानातील मागल्या गोलंदाजाची, म्हणजे मागे तोंड करून तोफ डागणाऱ्याची, जागा दिल्ही. वेगळा पडदा, वेगळी दांडी. इंजिने गर्जली, आणि विमान धावले, आणि मग आसमानी चढले. जावयांचा ऊर भरून आला. तोच मागून पुकारा जाहला.

"जावईबापू, कोन तरी मागं लागलंय. मघाधरनं हटंना!"

"मामा, सरावाचं उड्डाण आहे. आपल्याशिवाय कुणी नाहीये."

"मला शिकवता व्हय? दोन पंख उभं दिसत्यात की! नगर रोडला बी गाड्या अशाच बुडाला चिकटत्यात."

दोन उभे पंख म्हणजे आपल्याच विमानाची शेपटी, हे इंद्रजीतरावांस उमगले. परंतु बोल फुटेतो हिंदुरावांनी मारगिरी सुरू केली. पत्रा ऐसा नामी फाटला, रिव्हेट ऐसे बिनचूक उडाले, की दोन दिवाळ्यांचे सार्थक जाहले. शेपटी तुटून दूर गेली आणि पाठोपाठ विमान गिरक्या घेत जमिनीत रुतले.

"पाडलं!" हिंदुराव खुर्चीवरून उसळले. "आन् लगोलग उतरलो बी! पाव्हणं, हाय हां तुमच्यात कायतरी!"

"मामा, ते तर आपलंच—"

शालूबाईंनी नवऱ्याचे पावलावर टाच रोविली. "अहो, खोली हवीय ना? मग चहा प्या."

इंद्रजीतरावांनी एक नजर मोडक्या शेपटीवर टाकिली, एक नजर खोलीच्या चार भिंतींवर टाकिली, आणि मग चहा घशाखाली लोटून सासऱ्यांस मुजरा केला.

येणेप्रमाणे गनीम बुडाला. हिंदुरावांनी एकहाती रुसी विमान पाडिले, ऐसा डंका गावभर वाजला. आणि खोली जावयास कायम इनाम जाहली. सबब इंद्रजीतरावांची फत्ते जाहली, ऐसे दप्तरी नमूद केले असे. हल्ली रोज सांजेस खासे हिंदुराव मागल्या तोफेवर बसतात, आणि इंद्रजीतराव रोज पडतात.