म्हैस देऊन घेतलेली गिटार

आमचे शेजारी उकंडराव यांनी पन्नाशी उलटल्यावर एक दुभती म्हैस देऊन गिटार घेतली. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला होता. अमरावतीत कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी दुसरे लग्न केले. त्यामुळे उकंडरावांना वेडे ठरवायला लोकांना फारसा वेळ मिळाला नाही.

गिटार होती आंतोनची. तो गोव्याचा, कापूस घ्यायला आलेल्या एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे स्वयंपाकी होता. साहेबाला ताजे दूध हवे होते. सौदा बाजाराच्या रिवाजाप्रमाणे उपरण्याखाली बोटे दाबून झाला.

शिकवणी साहेबाच्या बंगल्यामागच्या गोठ्यात चाले. उकंडरावांनी जन्मात तार छेडली नव्हती आणि आंतोनने म्हैस पिळली नव्हती. तेव्हा अर्धा वेळ एक गुरू, अर्धा वेळ दुसरा.

"आंतोन, वढू नोको बाप्पा. दाब. दाबलं का बोलते," उकंडराव सांगत. घटकाभराने आंतोन तेच त्यांना तारेबद्दल सांगे. म्हैस आठवड्यात बोलू लागली. गिटारीने वर्ष घेतले.

नांगरावर घट्टे पडलेली त्यांची बोटे एका वेळी दोन तारा दाबत. वैशाखात तारा तटातट तुटल्या. उकंडराव पिंजाऱ्याकडे गेले आणि त्याच्या धनुकलीची तात आणून चढवली. तात बकऱ्याच्या आतड्याची. थोरल्या सुनेने दारातच अडवले.

"मामाजी, थे आतड्याचं खोकं घरात नाई येनार. देव हाय घरात."

"देवाले मी सांगतो ना."

"तुमी देवाले सांगान, मले कोन सांगनार?"

तेव्हापासून उकंडराव ओसरीवर बसू लागले. येणाराजाणारा विचारी, "काहून हो, या वयात?" त्यांचे उत्तर ठरलेले असे : "शिकून राहिला तवरीक मानूस जितं."

मी तेव्हा मुंबईच्या एका वर्तमानपत्राला कापसाचे भाव कळवीत असे. एकदा मीही विचारले. तेच उत्तर आले. मी उठलो नाही, तेव्हा ते खाली पाहून म्हणाले, "पंत, आमची गिरजा, पोराची माय, जात्यावर ओव्या म्हने. चार वर्स झाले तिले जाऊन. ओव्या ध्यानात हायेत, चाल जाऊन राहिली. आता पैसा आला, पोरानं दळनाले बाई लावली. थे रोज पहाटे गाते. तिची चाल कानात घुसून राहिली अन् आमच्या गिरजेची भाईर ढकलून राहिली."

"मग गाऊन ठेवा की."

"माह्या गळ्यानं? मी हाक मारली तं बैल गोठा सोडते."

चाल हाताला लागली असे त्यांना वाटले तेव्हा दिवाळी झाली होती. पण ती खरी की पहाटेच्या बाईची, हे त्यांना कळेना. सांगू शकेल असे एकच माणूस उरले होते : गिरजाबाईंची धाकटी बहीण काशी, अकोल्याला मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात दिलेली. लग्नाआधी दोघी बहिणी एकाच जात्यावर समोरासमोर बसून दळत. मला अकोल्याच्या बाजाराचे भाव घ्यायचेच होते. मी त्यांच्या बैलांच्या दमणीत बसलो. दोन दिवसांच्या वाटेत ते गिटार गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते.

काशीबाईंनी दारातच गोधडी पाहिली. "काय भाऊजी, दुसरी केली का? लय लाजाळू दिसते."

"आयकून घे, मंग हास," उकंडराव म्हणाले.

ते वाजवू लागले. काशीबाई पहिल्या ओळीला पदर तोंडाला लावून हसत होत्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी पदर खाली केला. वाजवणे संपले. उकंडरावांच्या कपाळावर घाम होता.

"चुकलं का?"

"चाल अक्काचीच हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमी धावून राहिले, भाऊजी. दुसऱ्या ओळीले अक्का थांबे. जात्यात दान्याची वैरण टाका लागे ना. तुमी तं रिकामंच जातं फिरवून राहिले."

उकंडरावांनी धोतराच्या सोग्याने बोटे पुसली आणि पुन्हा सुरू केले. दुसरी ओळ आली. ते थांबले.

काशीबाईंचा उजवा हात मांडीवरून उठला, मूठभर दाणे टाकावेत तसा समोर मोकळा झाला आणि परत मांडीवर आला. उकंडरावांनी ते पाहिले नाही. त्यांचे डोळे तारांवर होते. त्यांनी पुढची ओवी धरली.