नऊ सेकंदांत सुरू होणारं नेटबुक

चालू वस्तू आणि बिघडलेली वस्तू यांत मूलभूत फरक एकच आहे: चालू वस्तूभोवती माणसं जमत नाहीत. पंखा वर्षानुवर्षं मुकाट फिरत असतो, त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. तोच एक दिवस कुरकुरला की खाली चार खुर्च्या मांडल्या जातात, आणि ज्या गृहस्थाला आजवर स्वतःचा चष्मा सापडलेला नाही तोही बेअरिंगबद्दल बोलू लागतो. समाज एकत्र राहतो तो अशा वस्तूंमुळेच. तेव्हा शहाण्या माणसानं आपली वस्तू चालते हे कुणाला सांगू नये, आणि हळू चालते हे तर मुळीच सांगू नये.

सिस्टरबाईंनी ते सांगितलं.

सिस्टरबाई म्हणजे प्रसूतिगृहात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्या भागातली निम्मी माणसं जगात आली ती त्यांच्या हातांत, आणि त्यांतली बरीचशी आता रस्त्यात ओळखही दाखवत नाहीत (त्यांचा दोष नाही, पहिल्या भेटीत त्यांचे डोळे मिटलेले होते). बाईंच्या मुलीनं त्यांना एक नेटबुक घेऊन दिलं होतं. वहीएवढं, हलकं, आणि साठवण एकूण बत्तीस जीबी. त्यातले सव्वीस जीबी यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिमच अडवून बसली होती. तरी दर दोन दिवसांनी तीच ‘जागा अपुरी आहे’ असं बजावायची. घरभर सामान पसरलेल्या पाहुण्यानंच घर लहान म्हणून नाक मुरडावं, त्यातला प्रकार.

नेटबुक सुरू व्हायला अकरा मिनिटं लागत. बाई बटण दाबत, वाळलेले कपडे काढत, घड्या घालून कपाटात ठेवत आणि येऊन बसत, तोवर ते तयार असे. दोघांचं छान जमलं होतं.

या यंत्रावरून बाई शिकवणार होत्या. एका दवाखान्यानं त्यांना विचारलं होतं, की पहिलटकरणींसाठी आठ पाठ घ्याल का, घरबसल्या, व्हिडिओवर? बाळाला उचलायचं कसं, अंगावर घ्यायचं कसं, अंघोळ घालायची कशी. अकरा जणींनी नावं दिली. बाईंनी टॉवेलची गुंडाळी करून बाळ बनवलं, त्याला धरायच्या सगळ्या तऱ्हांचे शेचाळीस फोटो काढले, तीन छोटे व्हिडिओ केले. त्यासाठी तीन आठवडे खपल्या. पहिला पाठ शनिवारी चार वाजता होता. अकरांपैकी एकीला नववा सरत आला होता (बाई तिला ‘नववा महिना’ असंच म्हणत), आणि डॉक्टरांनी तिला पुढच्या बुधवारची तारीख दिली होती. घरी सांगणारं मोठं बाईमाणूस कुणी नव्हतं. तिनं दोनदा फोन करून विचारलं होतं, “सिस्टर, शनिवारी नक्की ना?” आणि दोन्ही वेळा बाईंनी सांगितलं होतं, नक्की.

बाळंतपण ही अशी बाब आहे की तिला मुदतवाढ मिळत नाही. बाईंना हे चौतीस वर्षांत पुरतं कळलेलं होतं. त्यांच्या यजमानांची नोकरी मात्र अशा कचेरीत झाली होती, जिथे तिसऱ्या मुदतवाढीआधी प्रकरण निकाली निघालं तर चौकशी होत असे. तिथून ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि घरीदारी ‘साहेब’च राहिले.

सोमवारी जेवताना बाई सहज बोलून गेल्या, “चालतंय छान. जरा हळू आहे, एवढंच.” याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. साहेबांनी घास तोंडापर्यंत नेऊन थांबवला. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्यांच्याकडे आलेली ही पहिली तक्रार होती.

जेवण उरकायच्या आत समिती स्थापन झाली. पाचामुखी परमेश्वर म्हणतात; इथे मुखं तीनच होती, पण ती पाचांचं काम करू शकत होती. अध्यक्ष साहेब. सदस्य वरच्या मजल्यावरचे वाइंडिंगवाले, ज्यांचा धंदा जळलेल्या मोटारींना तार गुंडाळण्याचा असून विजेवर चालणाऱ्या यच्चयावत वस्तूंचं मूळ दुखणं अर्थिंगमध्ये असतं असं त्यांचं मत होतं. आणि तज्ज्ञ सल्लागार म्हणून जावईबापू, फोनवरून. यंत्र ज्यांचं होतं त्यांना समितीत घेतलं नाही. हितसंबंध गुंतलेल्या व्यक्तीला घेऊ नये, असा संकेत आहे.

जावईबापूंनी निदान केलं. जुनी सिस्टिम जड आहे, ती काढा. चार जीबीत मावणारी एखादी हलकी सिस्टिम टाका, फुकट मिळते, यंत्र हरणासारखं पळेल. यंत्रानं पळावं अशी बाईंची इच्छा नव्हती. त्यांना ते शनिवारी चार वाजता जागच्या जागी हवं होतं. तसं त्या म्हणाल्याही. साहेब म्हणाले, “अगं, शनिवारला अवकाश आहे. तू बघच.” कचेरीत हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं, त्यांतले काही अजून बघत आहेत.

नवी सिस्टिम टाकायची तर जुनं सगळं पुसलं जाणार. म्हणून मंगळवारी साहेबांनी यंत्रातल्या मजकुराची रीतसर वर्गवारी केली. ‘आवश्यक’ या सदरात साहेबांची निवृत्तीची कागदपत्रं, निरोपसमारंभाची चित्रफीत आणि तिचीच जरा अंधूक अशी दुसरी प्रत. ‘अनावश्यक’मध्ये काहीच नाही, कारण अनावश्यक ठरवायला वरिष्ठांची मंजुरी लागते. तिसरं सदर होतं ‘हिचं’. आवश्यक मजकूर जावईबापूंकडे इंटरनेटवरून सुरक्षित पोचला. हिचं जे होतं, ते वाइंडिंगवाल्यांच्या पेनड्राइव्हवर गेलं, आणि स्थलांतर पूर्ण झालं म्हणून यंत्रावरून काढून टाकलं गेलं.

आता नवी सिस्टिम यंत्रात घालायला पेनड्राइव्ह लागतो. तो साफ पुसून त्यावर सिस्टिम चढवावी लागते. पेनड्राइव्ह एकच होता. फोनवरून जावईबापूंनी विचारलं, “बाबा, पेनड्राइव्ह रिकामा आहे ना?”

“रिकामाच आहे,” साहेब म्हणाले. “हिचे फोटो आहेत फक्त.”

फोनवर खरखर होती. जावयाला पहिला शब्द ऐकू गेला, आणि पहिल्या शब्दावर काम सुरू करणं हीच तर कार्यक्षमता. त्यांनी सांगितली ती बटणं साहेबांनी दाबली, आणि दोन मिनिटांत शेचाळीस फोटो आणि तीन व्हिडिओ नाहीसे झाले. जागा मोकळी करण्याचं उद्दिष्ट अपेक्षेपेक्षा जास्त साध्य झालं, अशी नोंद झाली.

सिस्टरबाई भाजी घेऊन आल्या तेव्हा त्यांना हे सांगण्यात आलं (तांत्रिक बाबींपासून सुरुवात करून, हळूहळू). त्यांना रडू आलं नाही. राग आला. चौतीस वर्षांत डॉक्टरांवर, औषधांच्या कपाटाची किल्ली हरवणाऱ्या वॉर्डबॉयवर, बायकोला कळा येत असताना बाहेर बसून पेपर वाचणाऱ्या नवऱ्यांवर आलेला सगळा राग एकदम आला. पण प्रसूतिगृहात रागावायला सवड नसते, त्यामुळे त्याची सवय नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, “टॉवेल धुवायला टाकलाय. वाळला की परत काढीन फोटो. यंत्र तेवढं शुक्रवारपर्यंत द्या.”

यंत्राबाबत समिती आशावादी होती. पहिली सिस्टिम मंगळवारीच बसली. अठरा मिनिटांत बसली आणि पंचावन्न सेकंदांत सुरू झाली. अकरा मिनिटांवरून पंचावन्न सेकंद! वाइंडिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, जावयानं फोनवरून वाजवल्या. आवाज येत नव्हता, हे बुधवारी लक्षात आलं. दुसऱ्या सिस्टिमला एकेचाळीस सेकंद लागले, आवाज खणखणीत आला, पण कॅमेऱ्यात माणूस उलटा दिसू लागला. बाई म्हणाल्या, की बाळं बहुतेक डोकं खाली, उलटीच येतात, शिकवणारी उलटी चालणार नाही. मग तिसरी. ती अठ्ठावीस सेकंदांत सुरू होई, फक्त तिला इंटरनेट सापडत नसे. ‘त्याला एक बाहेरून लावायचं यंत्र मिळतं,’ असं जावईबापू म्हणाले. आवाजालाही मिळतं आणि कॅमेऱ्यालाही मिळतं. हे सगळं जोडायला खाचा कमी पडतात, तर खाचा वाढवायचंही एक मिळतं. ते सगळं आणलं. हलक्या सिस्टिमचं नेटबुक आता एका पिशवीत मावत नव्हतं, आणि ते उचलायला साहेबांना वाइंडिंगवाले लागत.

इथवर समिती यंत्र बाईंसाठी दुरुस्त करत होती, असं म्हणता येईल. गुरुवारी दुपारी तिला वेळेची गोडी लागली. साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला. घड्याळ काढून टाकलं तर दोन सेकंद वाचतात, असं आढळलं. ते काढलं. मागचं चित्र गेलं. बॅटरी किती उरली हे दाखवणारी खूण गेली, त्यामुळे यंत्र आता न सांगता बंद पडे आणि पुन्हा सुरू करायची संधी मिळे. मराठी अक्षरांना जागा लागते म्हणून तीही काढली; त्यांच्या जागी चौकोन येऊ लागले, आणि साहेबांना ते सुटसुटीत वाटले. वाइंडिंगवाल्यांनी तीन दिवस दुकान उघडलं नाही. तिकडे कुणाची पाण्याची मोटार जळून पडली होती, पण ती सुरूच होत नसल्यानं तिचा वेळ मोजता येत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी पाचवी सिस्टिम बसली. बटण दाबलं. नऊ सेकंद! काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकू लागली. बत्तीस जीबींपैकी साडेएकतीस रिकामे. तिघेही गहिवरले. सिस्टरबाई हात पुसत आल्या आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या.

“हे काय करतं?”

“सुरू होतं,” साहेब म्हणाले.

“आणि मग?”

साहेबांनी वाइंडिंगवाल्यांकडे पाहिलं. वाइंडिंगवाल्यांनी अर्थिंगकडे पाहिलं. हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

शनिवारी पावणेचारला बाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्या जिना चढून वर गेल्या. वाइंडिंगवाल्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, स्वयंपाकघरातला ओटा पुसून ठेवला होता. बाईंचा फोन साधा, बटणांचा; म्हणून आपला मोबाइल वहिनींनी मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. त्यातही जागा अपुरी होती. त्यांनी कुणाला न विचारता नवऱ्यानं पाठवलेले सुप्रभातीचे सगळे निरोप पुसले, आणि जागा झाली. याला एक मिनिट लागलं. समिती वगैरे नव्हती.

फोटो नव्हते, व्हिडिओ नव्हते. बाईंनी टॉवेलच गुंडाळला आणि अकरा जणींसमोर हातात घेतला. नवव्या महिन्यानं विचारलं, की सिस्टर, माझे हात आत्ताच थरथरतात, बाळ पडलं तर?

“माझेही थरथरत होते पहिल्यांदा,” त्या म्हणाल्या. “हात थरथरला तरी चालतो. मानेखालून काढायचा नाही, बस. आता टॉवेल घे आणि मला धरून दाखव.”

तिनं दाखवलं. अंगठा चुकीच्या जागी होता. बाईंनी तो तीनदा बदलायला लावला, तेव्हा कुठे बरोबर आला. मग तो तिनं तिथून हलवला नाही, आणि वहिनींना उगीचच भरून आलं. तेवढ्यात दार वाजलं. साहेब धापा टाकत वर आले होते. त्यांनी दारातूनच सांगितलं, की आठ सेकंद झाले.

पुढचे पाठही वरच होतात. मधे एकदा बाईंनी विचारलं, की अहो, माझं नेटबुक मला कधी मिळेल? साहेबांना खरंच नवल वाटलं. “तुझं तर वर झालं की व्यवस्थित,” ते म्हणाले. “आता तुला कशाला हवंय ते?” आणि हे म्हणताना त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं, हे मुद्दाम नमूद केलं पाहिजे.

समितीचा विस्तार झाला आहे. बातमी पसरल्यापासून रोज कुणी ना कुणी येतं, आणि प्रत्येकाला सध्याच्यापेक्षा हलकी अशी एक सिस्टिम ठाऊक असते. रविवारी अकरा गृहस्थ होते. त्यांतल्या सातांनी नेटबुकला हात लावला. नेटबुक कुणाचं, हे एकानंही विचारलं नाही.

आपण हे सगळं वाचून हसला असाल, त्याबद्दल समिती आभारी आहे. मात्र तिच्या पाहणीनुसार, नववा महिना बुधवारी सुखरूप मोकळी झाली की नाही, हा प्रश्न दहांतल्या आठ वाचकांना पडलेलाच नाही. (झाली. मुलगी. अंगठा बरोबर होता.) या आठ जणांच्या ओठांवर मघापासून दुसरंच वाक्य घोळतं आहे: ‘अहो, पण त्यांनी ती अमुक सिस्टिम टाकायला हवी होती.’

या. दार उघडंच आहे. खुर्च्या संपल्यात, पण पायरीवर जागा होईल.