टाकीत काय आहे?

हेमराजने मोटारसायकलची टाकी दोन्ही हातांनी उचलली, कानाशी नेली आणि हलवली. आतून खडखड आवाज आला. भोकाला डोळा लावून पाहिलं, मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं, पण गंजाशिवाय काही दिसेना.

गाडी त्याच्या वडिलांची, ईश्वरदासांची. उमरेडला मागावर विणलेली लुगडी त्यांनी हिच्यावरूनच बाजारोबाजार नेली होती. मग कित्येक वर्षं ती टिनाच्या छपराखाली नुसती उभी होती. हेमराजने ती नागपूरला आणून अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खोलून मांडली आणि सोसायटीचे सेक्रेटरी गिरिधरराव यांच्या पोटात दुखू लागलं. "रविवारपर्यंत चालू झाली तर ठेवा, हेमराजभाऊ. नाहीतर भंगारवाला बोलावतो," असं त्यांनी चारचौघांत बजावलं होतं. बापाची गाडी भंगारात जाणार याची हेमराजला धास्ती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याची झोप त्या खडखडीनेच जास्त उडवली होती.

नागपुरातल्या सदर भागातल्या मेकॅनिकने फोनवर उपाय सांगितला, ॲसिड. शनिवारी सकाळी हेमराजने ते ओतलं, बूच लावलं आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतल्या बायकोला खालूनच ओरडून सांगितलं, "रोशनी, टाकीत ॲसिड टाकलं वं! मी येतपर्यंत हात नको लावू!"

"पण आतमधे काय आहे ते दिसलं काय?"

"नाही ना! काही मेलेलं असन तर गळून जाईन आपोआप!"

एवढं बोलून तो पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक आणायला सदरला गेला आणि रोशनी आपल्या शाळेत शिकवायला गेली.

दुसऱ्या मजल्यावर चारुशीलाकाकू वरणाला डाळ धूत होत्या. कोण ओरडलं ते त्यांना कळलं नाही, पण टाकीत ॲसिड टाकलं एवढं कानावर पडलं. अपार्टमेंटमध्ये टाकी म्हटली की पाण्याची, गच्चीवरची. त्यांनी नळाखाली पेला धरला. पाणी किंचित लालसर होतं. तसं ते महिनाभर होतं, पण आज त्याचं कारण कळलं. काकूंनी डाळ फेकली आणि प्रत्येक दार वाजवलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. पहिल्या मजल्यावरचा भिजवलेला साबुदाणा गेला. ज्यांची आंघोळ झाली होती त्यांच्या अंगाला खाज सुटली. आनंदराव सकाळपासून दोन तांबे पाणी प्यायले होते. ते खाली खुर्चीत डोळे मिटून बसले आणि पुण्याच्या मुलाला फोन लावा म्हणू लागले. गिरिधररावांनी टँकर बोलावला आणि गच्चीवरची टाकी रिकामी करायला लावली.

हेमराज परतला तेव्हा फाटकातून पाण्याचा लोंढा वाहत होता.

"काय झालं काका?"

"टाकीत कोणीतरी ॲसिड टाकलं!" गिरिधरराव गरजले.

आपल्या गाडीची एवढ्या लोकांना काळजी आहे हे पाहून हेमराजला गहिवरून आलं. "कोणीतरी काहून? मीच टाकलं."

"तुम्ही? काहून पण?"

"गंज होता ना. लाल लाल निघून राहिलं होतं."

"अन् विचारलं कोणाला?"

"सदरच्या मेकॅनिकले."

"मेकॅनिकले! अहो, टाकी काय तुमच्या बापाची आहे?"

"हो," हेमराज गोंधळून म्हणाला. "बापाचीच आहे. सगळ्यायले माहीत आहे."

आनंदराव मरायचं विसरून ताडकन उठले. "मी दोन तांबे पेलो, अन् हा हो म्हणून राहिला!"

शेवटी हेमराजने सगळ्यांना पार्किंगमध्ये नेऊन आपली टाकी दाखवली. काकूच पुढे झाल्या. "पण आत काय आहे ते तरी पाहू दे."

सगळे गोळा झाले. हेमराजने टाकी जुन्या घमेल्यात उपडी केली. लाल पाण्यासोबत दहाबारा नट खणखणत बाहेर पडले. त्याने तिथूनच उमरेडला फोन लावला.

"मीच टाकले होते गा, गंज खरडून निघाले पायजे म्हणून," ईश्वरदास म्हणाले. "मंग तुयं लग्न निघालं, राहूनच गेलं."

सगळे खदाखदा हसले, पण एकदा लागलेली चटक काही सुटेना. "वरची रिकामी झालीच आहे, तर तिच्यातही पाहू ना," काकू म्हणाल्या.

"काही नाही तिथे," गिरिधरराव घाईने म्हणाले. "दर दिवाळीत साफ करून घेतो मी."

तोवर लोक जिन्यात पोहोचले होते. टाकीच्या तळाशी घोट्याएवढा गाळ होता, त्यात एक ताटली आणि एक चप्पल.

"ही कोणत्या दिवाळीची?" चप्पल काडीने उचलून आनंदरावांनी विचारलं. "आता गच्चीवरची ती मागची, आगीसाठी ठेवलेली टाकीही दाखवा."

संध्याकाळी हेमराज पार्किंगमध्ये कॉक बसवत होता. गिरिधरराव मागेपुढे पाहत हळूच जवळ आले.

"हेमराजभाऊ, ते ॲसिड उरलं काय थोडं?"

"काहून?"

"मागच्या टाकीचं झाकण निघत नाही. गंजून बसलं आहे. वर सगळे उभे आहेत."

हेमराजने बाटली पुढे केली, पण सोडली नाही. "अन् रविवारचं काय, काका?"

"कोणता रविवार?" असं म्हणत गिरिधररावांनी बाटली ओढून घेतली आणि लगबगीने जिना चढू लागले.